विश्वेश्वरय्यांनी धरणाला दारं बसवली, पण पाण्याला शिस्त लावणं जास्त अवघड होतं

खडकवासल्याचं पाणी कालव्यानं दौंड तालुक्यातल्या शेतीपर्यंत जातं. पुणं पितं तेही याच धरणाचं. आणि शहरानं वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून पुन्हा दौंड-शिरूरच्याच वाट्याला येतं.

या पाण्याच्या गोष्टीत सव्वाशे वर्षांपूर्वी एक इंजिनिअर येऊन गेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन ही त्यांची ओळख सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांची घडण झाली ती महाराष्ट्रात.

पुण्यात कसे आले?

विश्वेश्वरय्या मूळचे मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळुरूत बीए केलं आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. तेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, सक्कर असं काम करत ते पुन्हा पुण्यात आले.

दारं आणि नियम

पावसाळ्यात खडकवासल्याच्या सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई असायची. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. पूर वाढला की ती आपोआप उघडत आणि ओसरला की बंद होत. धरणाची उंची न वाढवता सुमारे ८ फूट जास्त पाणी साठू लागलं.

पण त्यांचं दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही. दौंडला लागूनच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा कालव्याचं पाणी आलं होतं. ज्याच्या शेताजवळ कालवा, तो उसाला हवं तेवढं पाणी घ्यायचा. शेवटच्या गावापर्यंत पाणी पोहोचत नव्हतं. वर मात्र जमिनी चिबड होत होत्या आणि डास वाढत होते.

विश्वेश्वरय्यांनी उपाय मांडला तो ब्लॉक पद्धतीचा. ठरलेल्या क्षेत्रालाच पाणी, त्यातल्या काही भागातच ऊस आणि पिकांची फेरपालट. सुरुवातीला शेतकरी साशंक होते. लोखंडी दार बसवायला कुणाची समजूत काढावी लागत नाही. नियम बसवायला लागते.

पुढे ते इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले आणि अनेक शहरांच्या पाणीपुरवठा-सांडपाणी योजना त्यांच्या हाताखालून गेल्या. १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता, १९१२ मध्ये दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न. १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग राहिलं काय?

पाणी किती घ्यायचं याचे नियम त्यांच्या काळात आले. पाणी परत कसं सोडायचं, याचा कायदा मात्र ते पाहू शकले नाहीत. महाराष्ट्राचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा आणि केंद्राचा १९७४ चा.

दरम्यान खाली वस्ती आणि कारखाने वाढले. दौंडमध्ये कुरकुंभ, शिरूरमध्ये रांजणगाव. पुण्याचं सगळं मैलापाणी आजही प्रक्रिया होऊन नदीत जात नाही. शिरूरच्या रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि हे पाणी उजनीत जातं. त्याच पाणथळीवर, भिगवणला, आपण रोहित पक्षी बघायला जातो.

१९७४ च्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात प्रवाह म्हणजे फक्त वाहती नदी नाही. सध्या कोरडा असलेला ओढाही त्यात येतो, आणि जमिनीखालचं पाणीही. शिरूर-दौंडसारख्या कमी पावसाच्या भागात ओढे वर्षातला बराच काळ कोरडेच असतात. तिथे रात्री टँकर रिकामा करणारा कायद्याच्या नजरेत प्रवाहच दूषित करत असतो.

विश्वेश्वरय्यांची दारं पूर आला की आपोआप उघडायची. कायद्याचं तसं नाही. तो राबवायला कुणीतरी लागतंच.