जोसेफ पॅक्स्टन : बागेत घडलेला वास्तुशिल्पी

युरोपातील कडाक्याच्या थंडीत संत्र्या-लिंबांची झाडे उघड्यावर जगत नाहीत. म्हणून तेथील सरदार-उमरावांच्या वाड्यांभोवती त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारती बांधण्याची प्रथा सतराव्या शतकात रुजली. इंग्रज अशा इमारतीस ऑरेंजरी म्हणत. उत्तरेकडे जाड बंद भिंत, दक्षिणेकडे उंच खिडक्या आणि वर भरभक्कम छप्पर, अशी तिची जुनी घडण. झाड तीत तगे. परंतु वरचा प्रकाश अडल्याने जोमाने वाढत नसे.

ही उणीव दूर करण्याच्या ध्यासातून ज्याने वास्तुकलेलाच नवी दिशा दिली, तो जोसेफ पॅक्स्टन १८०३ साली एका इंग्रज शेतकऱ्याच्या घरी जन्मला. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला लाभले नाही. लंडनजवळील चिझिकच्या बागेत काम करीत असता डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने त्याला हेरले आणि १८२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, चॅट्सवर्थ येथील आपल्या उद्यानाचा मुख्य माळी नेमले.

तेथे पहिल्या ड्यूकच्या काळचे, सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले वनस्पतिगृह होतेच. पॅक्स्टनने मात्र छपरासाठीही काच वापरली. लाउडन या उद्यानतज्ज्ञाने सुचविलेली, शेतातील सरी-वरंब्यांसारखी छपराची रचना त्याने विकसित केली. तीमुळे कलत्या उन्हाचेही किरण आत येत आणि पावसाचे पाणी लाकडी पन्हळींतून वाहून जाई. १८३६ ते १८४० या काळात, डेसिमस बर्टन या वास्तुशिल्पीच्या साहाय्याने, सुमारे २७७ फूट लांब व १२३ फूट रुंद असे भव्य काचगृह उभे राहिले. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाची बग्गी त्यामधून फिरली. चॅट्सवर्थसाठी वनस्पती आणण्यास जॉन गिब्सन हा माळी थेट कलकत्ता व खासी टेकड्यांपर्यंत येऊन गेला होता.

या अनुभवाचे फळ १८५१ च्या लंडन प्रदर्शनात दिसले. दोनशेहून अधिक आराखडे येऊनही समितीचा निर्णय होईना. तेव्हा पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेसचा आराखडा दिला. एकसारख्या मापाचे सुटे भाग जोडून ती प्रचंड वास्तू काही महिन्यांत सिद्ध झाली. शेतकऱ्याचा मुलगा ‘सर’ झाला, पुढे पार्लमेंटचा सभासदही झाला. १८६५ मध्ये तो निवर्तला.

त्याच्या काचगृहाला अहोरात्र कोळसा लागे. पहिल्या महायुद्धात तो मिळेना, झाडे मेली आणि १९२० मध्ये ती वास्तू पाडण्यात आली. क्रिस्टल पॅलेसही १९३६ च्या आगीत भस्मसात झाला. पहिल्या ड्यूकचे जुने वनस्पतिगृह मात्र चॅट्सवर्थला अद्याप उभे आहे. तरीही लोखंड आणि काच यांच्या आधारे उजेडाला घरात घेण्याची जी रीत पॅक्स्टनने रूढ केली, ती रेल्वेस्थानकांपासून बाजारपेठांपर्यंत जगभर पसरली.