बर्फातल्या घराची गोष्ट : लॉराबाई वाइल्डर



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रत्येकीने एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे सभेत ठरले. आपल्याकडच्या थोर स्त्रियांची नावे आधीच वाटून गेली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. काय लिहावे या विचारात असतानाच मुलीने वाचनालयातून काही इंग्रजी पुस्तके आणली आणि रोज रात्री जेवणे झाल्यावर ती मला मराठीत सांगू लागली. ऐकता ऐकता मला वाटले की ही बाई परदेशची खरी, पण तिचे घर मात्र आपल्यासारखेच. तेव्हा तिचीच हकिकत लिहिते. गोड मानून घ्यावी.

या बाईंचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी, अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात पेपिन गावाजवळच्या रानात. आपल्या आनंदीबाई जोशी यांच्याहून त्या दोनच वर्षांनी लहान. वडील चार्ल्स इंगल्स शेती, शिकार आणि सुतारकाम करीत. आई कॅरोलाइनबाई लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. थोरली बहीण मेरी, धाकट्या कॅरी आणि ग्रेस. मधला एक भाऊ फ्रेडी वर्षाचा होण्याआधीच १८७६ साली गेला. लॉराबाईंनी पुढे आपल्या कुटुंबावर इतकी पुस्तके लिहिली, पण या बाळाचे नाव त्यांत कोठेच घातले नाही. काही दुःखे बाईमाणूस कागदावरही उतरवीत नाही, हे आपणांस सांगायला नको.

त्या मुलखातला हिवाळा आपल्या कल्पनेत येणार नाही. चार चार महिने जमीन बर्फाखाली. शेत नाही, भाजी नाही, बाजारही नाही. म्हणून हिवाळा काढायचा तो शरद ऋतूतल्या कष्टांवर. बर्फ पडण्याआधी मांस मीठ लावून आणि धुरावर धरून टिकवायचे, लाल भोपळे आणि कांदे माळ्यावर रचायचे, बटाटे, गाजरे तळघरात पुरून ठेवायची. आपण पावसाळ्याआधी पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मिरचीपूड आणि लाकूडफाटा करून ठेवतो, त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की आपले चुकले तर शेजारी वाटीभर मागता येते. त्यांचा शेजारी कोसभर बर्फापलीकडे असे.

कॅरोलाइनबाईंनी आठवड्याच्या प्रत्येक वाराला काम नेमून दिले होते. सोमवारी धुणे, मंगळवारी इस्त्री, बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी लोणी घुसळणे, शुक्रवारी झाडलोट, शनिवारी पाव भाजणे आणि रविवारी देवाचे नाव व विश्रांती. हिवाळ्यात गाईला हिरवा चारा नसल्याने लोणी पांढरेफटक निघे. ते त्यांच्या डोळ्याला बरे वाटेना. मग त्या गाजर किसून दुधात ऊन करीत, गाळून ते दूध सायीत घालीत आणि लोण्याला छान पिवळा रंग आणीत. उरलेला गोड चोथा दोघी मुलींना वाटून मिळे. चार भिंतींच्या रानातल्या घरात लोण्याचा रंग पाहायला कोण येणार होते? पण गृहिणी जे नीटनेटके करते ते पाहुण्यासाठी नसते, स्वतःच्या मनासाठी असते. मुली आईचे अंगुस्तान खिडकीच्या काचेवरील हिमात दाबून गोल गोल नक्षी उमटवीत. रात्री वडील फिडल वाजवीत.

वडिलांचा पाय मात्र एका जागी ठरत नसे. १८६९ च्या सुमारास ते कुटुंब घेऊन कॅन्ससमध्ये गेले. ती जमीन ओसेज नावाच्या तेथील मूळ रहिवाशांची होती, गोऱ्यांना तेथे वसण्याचा हक्क नव्हता. काही काळाने त्यांना ते घर सोडावे लागले. मग मिनेसोटात ओढ्याकाठी, दरडीत खोदलेल्या घरात राहिले. तेथे टोळधाडीने उभे पीक खाल्ले. पुढे आयोवात काही काळ हॉटेलाच्या कामात दिवस काढले. आणि १८७९ साली मेरीला मोठे दुखणे येऊन तिची दृष्टी कायमची गेली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. लॉराबाईंच्या पुस्तकात हा लाल ताप म्हटला आहे. अलीकडे २०१३ साली डॉक्टरांनी जुने कागद तपासून तो मेंदूज्वराचा प्रकार असावा, असे मत मांडले. त्या दिवसापासून लॉरा बहिणीचे डोळे झाली. आकाश कसे आहे, कोण येत आहे, गवत कसे हलते आहे, हे सारे ती मेरीला शब्दांत सांगे. पुढच्या लेखनाची शाळा ती हीच असावी, असे मला वाटते.

त्याच वर्षी कुटुंब डाकोटात आले. सरकारच्या १८६२ च्या कायद्याप्रमाणे १६० एकर जमीन नाममात्र फी भरून नावावर लागे. मात्र तिच्यावर घर बांधून पाच वर्षे राहून ती कसावी लागे. इंगल्स कुटुंबाने १८८० साली डी स्मेट या नव्या गावाजवळ अशी जमीन घेतली आणि त्याच वर्षी तो हिवाळा आला, ज्याला त्या भागात अजून कठीण हिवाळा म्हणतात.

ऑक्टोबरच्या मध्यालाच हिमवादळ झाले. जमिनीवरचे पातळ फळ्यांचे घर थंडी सोसणार नाही म्हणून वडिलांनी सर्वांना गावातल्या आपल्या इमारतीत आणले. गाव नुकतेच वसलेले. कोणाचे पहिले पीकही धड निघालेले नाही, म्हणजे कोणाच्या कणगीत काही नाही. सारी भिस्त आगगाडीवर. पण रूळ जेथे टेकड्या कापून नेलेले होते, ते चर वाऱ्याने बर्फाने भरून जात. माणसे फावड्यांनी ते उपसून काढीत, आणि पुढच्या वादळात ते पुन्हा काठोकाठ भरत. शेवटी जानेवारी १८८१ मध्ये गाडी बंद झाली, ती मे महिन्यापर्यंत आली नाही.

कोळसा संपला. रॉकेल संपले. पीठ, साखर, चहा संपला. वादळ तीन तीन दिवस घोंगावे, एखादा दिवस उघडीप मिळे, की पुन्हा तेच. उघडिपीच्या दिवशी वडील शेतावरून वाळले गवत आणीत. ते गवत पीळ घालून घट्ट दोरासारखे वळायचे, दुमडून त्याच्या काठ्या करायच्या आणि त्या चुलीत घालायच्या. एक काठी काही मिनिटांत जळून जाई, म्हणून कोणी ना कोणी सारखे पीळ घालीतच बसे. तेरा वर्षांची लॉरा वडिलांबरोबर हे काम करी. हाताला चिरा पडत, बोटे वाकत नसत. वडिलांची बोटे तर इतकी ताठली की फिडलही वाजवता येईना, आणि घरातले गाणे बंद झाले.

पोटाला उरले होते थोडे गहू. दळायला गिरणी नाही. कॅरोलाइनबाईंनी कॉफी दळण्याचे लहानसे हातयंत्र मांडीवर घेतले आणि त्यात मूठ मूठ गहू घालून दळायला सुरुवात केली. आई दमली की मेरी, मग लॉरा, मग दहा वर्षांची कॅरी, असे आळीपाळीने ते यंत्र दिवसभर फिरे. अंध मेरीलाही हे काम करता येई. एवढे दळावे तेव्हा एक दिवसाचा पाव होई. आंबवण घालून त्या तो जाडाभरडा पाव भाजीत. दिव्याचीही युक्ती त्यांनीच काढली. बशीत गाडीच्या चाकाचे वंगण, त्यात कापडात बांधलेले एक बटण आणि कापडाचे टोक म्हणजे वात.

हे ऐकताना मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात त्या दिवसभर खडी फोडून येत आणि रात्री रेशनचा लाल मिलो जात्यावर दळीत. भाकरी नीट थापली जात नसे, पण मुलांपुढे त्या कधी कुरकुरल्या नाहीत. तेथे बर्फ आणि येथे ऊन, पण संकटात घर फिरते ते बाईच्या हातातल्या खुंट्याबरोबर.

हिवाळा संपता संपता गावातले गहू संपत आले. तेव्हा आल्मांझो वाइल्डर आणि त्याचा मित्र कॅप गार्लंड हे दोन तरुण जिवावर उदार होऊन बर्फातून गेले आणि दूरच्या एका शेतकऱ्याकडचे गहू विकत घेऊन आले. त्यावर गाव तगले. त्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे मूलही राहत होते. लॉराबाईंनी कादंबरीत त्यांना वगळले, पण आठवणींत लिहून ठेवले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. मेरी १८८१ साली आयोवातील अंधांच्या शाळेत गेली आणि १८८९ मध्ये शिक्षण पुरे करून आली. लॉरा सोळाव्या वर्षी घरापासून बारा मैलांवर शाळा शिकवू लागली. पगार महिना वीस डॉलर. दर शुक्रवारी तोच आल्मांझो घसरगाडी घेऊन बर्फातून तिला घरी आणी. १८८५ साली त्यांचे लग्न झाले. लॉराबाईंचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र शेवटपर्यंत पुरे झाले नाही.

संसारही सोपा नव्हता. १८८६ साली मुलगी रोझ झाली. १८८८ साली घटसर्पाने नवऱ्याच्या पायात कायमचे अधूपण आले. १८८९ साली मुलगा होऊन काही दिवसांतच गेला आणि त्याच महिन्यात घराला आग लागली. १८९४ साली त्यांनी डाकोटा सोडला आणि मिसूरीत मॅन्सफील्ड येथे खडकाळ चाळीस एकर घेतली. सफरचंदे लावली, कोंबड्या पाळल्या आणि जमीन हळूहळू दोनशे एकरांपर्यंत वाढवली. लॉराबाई शेतकऱ्यांच्या कर्जसंस्थेचा हिशेब चोख ठेवीत, स्त्रियांच्या मंडळांत उत्साहाने भाग घेत आणि १९११ पासून एका शेतकी पत्रात लेख लिहीत.

आई १९२४ साली गेली, मेरी १९२८ साली. मग जुने दिवस सांगणारे कोणी उरेना. लॉराबाई शाळेच्या रेघी वह्या आणि पेन्सिल घेऊन बसल्या. १९३० साली लिहिलेल्या आठवणी प्रकाशकांनी परत केल्या. त्या खचल्या नाहीत. लेखिका असलेल्या मुलीच्या, रोझच्या मदतीने त्यांनी ते पुन्हा मुलांसाठी लिहिले आणि पहिले पुस्तक १९३२ साली निघाले, तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. १९४३ पर्यंत आठ पुस्तके झाली. कठीण हिवाळ्याचे पुस्तक १९४० चे. १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वद वर्षे पुरी होऊन तीन दिवसांनी, त्या निवर्तल्या.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या पुस्तकांत मूळ रहिवाशांविषयी काही ठिकाणी अनुदार लिहिले आहे. म्हणून त्यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बालसाहित्याच्या पुरस्काराचे नाव २०१८ साली बदलण्यात आले. मला ते योग्यच वाटते. आपले घर उभे राहताना कोणाचे मोडले, हेही मुलांना कळावे.

भगिनींनो, आपल्याही घरांत दळणाच्या, दुष्काळाच्या, पाण्याच्या, बाळंतपणाच्या किती हकिकती आहेत. म्हाताऱ्या माणसांबरोबर त्या निघून जातात. माझ्या सासूबाई आता थकल्या आहेत. परवा मी मुलीची एक कोरी वही घेतली, त्यांच्याजवळ बसले आणि त्या सांगतील तसे लिहू लागले. पहिल्या दिवशी जेमतेम एक पान झाले. अक्षर काही सुरेख नाही आणि शुद्धलेखन तर मुलगीच तपासते. तरी लिहीत राहणार आहे. तुम्हीही लिहा, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेवते.