रंगांमुळे चित्रकला सुटली, पण रेषांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना थेट कारखान्यापर्यंत नेलं

करिअर बदलायचं म्हटलं की पहिली भीती एकच असते. इतकी वर्षं शिकलेलं सगळं वाया जाणार का? लक्ष्मणराव किर्लोस्करांवर ही वेळ ऐन तारुण्यात आली होती.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. लहानपणापासून दोनच नाद, चित्रं काढणं आणि यंत्रं बघणं. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तिथं कळलं की काही रंगांमधला फरक त्यांना ओळखताच येत नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

पण रंग गेले तरी रेषा हातात होत्या. प्रमाणात आणि अचूक आकृती काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती. म्हणून लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. याच कामाच्या जोरावर त्यांना व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी लागली. यंत्राचं चित्र काढायचं तर कोणता भाग कशावर फिरतो हे समजावं लागतं. त्यामुळे मुलांना शिकवता शिकवता त्यांचं स्वतःचं यंत्रांचं ज्ञानही वाढत गेलं.

दुसरीकडे सायकलचा धंदाही सुरू झाला होता. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स हे दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

आता त्यांनी यंत्रं कागदावरून लोखंडात उतरवायचं ठरवलं. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. पण लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्यांना वाटायचं की लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल. पहिला नांगर विकला जायला जवळपास दोन वर्षं लागली. इथं ड्रॉइंग कामाला येणार नव्हतं, कामाला आली शिक्षकाची चिकाटी. पुन्हा पुन्हा समजावून सांगायची सवय त्यांना वर्गातच लागली होती.

धंदा जरा रुळावर येतोय तोच नवं संकट आलं. नव्या वस्तीसाठी बेळगावची जागा सोडावी लागणार होती. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंगानं भरलेला, साप फिरणारा तो माळ होता. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली. आज सांगली जिल्ह्यातलं ते गाव किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं. नांगरापाठोपाठ तिथं उसाचे चरक आणि पंपही बनू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. चित्रकार, शिक्षक, सायकल विक्रेता, कारखानदार, असा हा प्रवास वरवर पाहता सतत दिशा बदलणारा वाटतो. प्रत्यक्षात ते कधीच शून्यापासून सुरुवात करत नव्हते. आधीच्या कामात शिकलेलं काहीतरी पुढच्या कामात त्यांच्या सोबत होतंच.

त्यामुळे करिअर बदलताना काय सुटतंय याची यादी प्रत्येक जण करतो. लक्ष्मणरावांची गोष्ट दुसरी यादी करायला सांगते, हातात काय उरलंय त्याची.