विश्लेषण : गांधीजींचा ज्यू मित्र मुंबईत 22 वर्षे उशिरा का पोहोचला?

गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा कस्तुरबा सोबत होत्या. तिसरे सहप्रवासी हरमन कॅलनबाख मात्र लंडनमध्येच अडकले होते. जुलै 1914 मध्ये तिघे भारतात येण्यासाठीच दक्षिण आफ्रिकेतून निघाले. वाटेत महायुद्ध पेटले. कॅलनबाख जर्मन नागरिक, त्यामुळे ब्रिटिश सरकारने परवानगी नाकारली. पुढे त्यांची रवानगी थेट आइल ऑफ मॅनच्या छावणीत झाली.

कोण होते कॅलनबाख?

1871 चा जन्म. पेशाने वास्तुविशारद. 1896 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरित झाले, तिथे भरपूर पैसा कमावला. 1910 मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांचा खर्च चळवळीला पेलेना, तेव्हा त्यांनी जोहान्सबर्गपासून 21 मैलांवरची 1100 एकर जमीन बिनभाड्याने दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. सगळ्यांचे एकच स्वयंपाकघर, शेती आणि सुतारकाम. चपला शिवण्याची कला कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात शिकून आले आणि त्यांनी ती गांधीजींना शिकवली. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले इथे पाहुणे होते. स्टेशनपासून पावसात चालत आल्याने त्यांना सर्दी झाली, तरी ते सर्वांसारखे जमिनीवरच झोपले.

देगानियाशी संबंध काय?

योगायोग असा, की त्याच 1910 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये 10 पुरुष आणि 2 महिला अशा ज्यू स्थलांतरितांनी देगानिया हे सहकारी शेतीचे गाव वसवले. हा पहिला किबुत्झ. फरक मोठा होता. तिथली जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची होती, तर टॉलस्टॉय फार्म एका मित्राच्या मालकीच्या जमिनीवर उभे होते. 1913 मध्ये ते बंद पडले, देगानिया टिकले.

गावदेवीच्या मणिभवनात गांधीजींचा मुक्काम असायचा ती वर्षे, 1917 ते 1934, कॅलनबाख यांच्याविनाच गेली. ते मुंबईत उतरले मे 1937 मध्ये आणि वलसाडजवळच्या तिथलला गांधीजींना भेटले. यामागे ज्यू एजन्सीचे मोशे शेर्तोक होते, पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले. ज्यू राष्ट्राची बाजू गांधीजींना पटवायची, हे काम. ते साधले नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये उघड विरोध नोंदवला. तरीही 1939 मध्ये कॅलनबाख वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले.

1945 मध्ये जोहान्सबर्गमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी देगानियात पुरल्या आहेत.