नकाशावरील रेघ आणि कच्चा रस्ता : चे गव्हेरा यांचा मोटारसायकल प्रवास

चे गव्हेरा यांचे नाव उच्चारताच तारा लावलेली टोपी आणि दूरवर खिळलेली नजर असे एक छायाचित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते छायाचित्र १९६० सालचे आहे. त्याच्या आठ वर्षे आधी हाच तरुण वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षा बाजूला ठेवून, तेरा वर्षे जुन्या मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका खंड पाहण्यास निघाला होता. त्या प्रवासाची आखणी, तिच्यातील उणिवा आणि त्या उणिवांमुळेच हाती लागलेले अनुभव समजून घेतल्यास गव्हेरा यांचे पुढील आयुष्य आणि त्यांचा अंतही अधिक स्पष्टपणे उलगडतो.

अर्नेस्टो गव्हेरा यांचा जन्म १४ जून १९२८ रोजी अर्जेंटिनातील रोसारिओ शहरात नोंदविला गेला. दोन वर्षांचे असताना त्यांना दम्याचा पहिला झटका आला आणि या विकाराने त्यांची आयुष्यभर सोबत केली. कोरडी हवा मानवेल या आशेने कुटुंबाने कोर्दोबा प्रांतातील आल्ता ग्रासिया या गावी मुक्काम हलविला. दमा असूनही गव्हेरा रग्बी खेळत. धाप लागली की मैदानाच्या कडेला येऊन औषधाचा फवारा घेत आणि पुन्हा खेळात उतरत. याच खेळामुळे आल्बेर्तो ग्रानादो यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. ग्रानादो त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते. जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या ग्रानादो यांना कुष्ठरोगाच्या अभ्यासात विशेष रुची होती.

पुढे गव्हेरा वैद्यकीय शिक्षणासाठी ब्यूनोस आयर्स येथे गेले. १९५० च्या जानेवारीत त्यांनी सायकलला छोटे इंजिन जोडले आणि एकट्याने उत्तर अर्जेंटिनाची वाट धरली. या फेरीत त्यांनी साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापले. वाटेत ते ग्रानादो काम करीत असलेल्या कुष्ठरुग्णालयातही राहिले. परतल्यावर इंजिनाच्या विक्रेत्याने त्यांचे छायाचित्र आणि प्रशस्तिपत्र एका क्रीडा साप्ताहिकात जाहिरात म्हणून छापले. एकट्याने दूरचा प्रवास करता येतो, मुक्कामाची सोय वाटेतील माणसे करतात आणि यंत्र बिघडले तरी मार्ग निघतो, असा विश्वास या फेरीने त्यांच्या मनात निर्माण केला. तो पूर्णपणे खोटा नव्हता, मात्र पूर्णपणे खराही नव्हता.

ऑक्टोबर १९५१ मध्ये कोर्दोबा येथे ग्रानादो यांच्या घरी गप्पा मारताना उत्तर अमेरिकेपर्यंत जाण्याची कल्पना पुढे आली. वाहन म्हणून ग्रानादो यांची ५०० सीसी क्षमतेची, १९३९ सालची नॉर्टन मोटारसायकल नक्की झाली. तिचे नाव ला पोदेरोसा, म्हणजे बलशाली, असे होते. ग्रानादो यांच्या जुन्या सायकलचेही हेच नाव असल्याने ही दुसरी पोदेरोसा ठरली. दोघांनी कामे वाटून घेतली. मोटारसायकल सज्ज करणे आणि मार्गाचा अभ्यास करणे ही जबाबदारी ग्रानादो यांच्याकडे आली, तर निघण्यापूर्वी होतील तितक्या परीक्षा उरकणे हे गव्हेरा यांचे काम ठरले. परवाने, प्रमाणपत्रे आणि प्रवेशपत्रे मिळविण्यासाठी दोघांनी अनेक कार्यालयांचे उंबरे झिजविले. इतक्या मोठ्या बेताचा बोजवारा उडाल्यास हसे होऊ नये म्हणून आपण चिलीपर्यंतच जात असल्याचे ते लोकांना सांगत.

कागदपत्रांची तजवीज झाली, तरी या आखणीत काही गंभीर त्रुटी राहिल्या. जवळ पैसे अत्यल्प होते. गाडी डांबरी रस्त्यासाठी बनविलेली होती, आणि पुढील वाट मात्र वाळू, खडी आणि चिखलाची होती. दोन माणसे, तंबू, अंथरूण-पांघरूण, कपडे आणि माते या पेयाचे साहित्य असा सारा भार एकाच सिलिंडरच्या यंत्रावर पडणार होता. दूरच्या कच्च्या रस्त्यावर जाताना सामान किती कमी ठेवता येईल आणि त्याचे वजन गाडीवर कसे विभागता येईल, याचा विचार सर्वप्रथम करावा लागतो. तो पुरेसा झाला नव्हता, हे पहिल्याच टप्प्यात दिसून आले.

४ जानेवारी १९५२ रोजी दोघांनी ब्यूनोस आयर्स सोडले. जायचे होते उत्तरेला, परंतु प्रारंभ दक्षिणेकडे झाला, कारण समुद्रकिनाऱ्यावरील मिरामार येथे सुटी घालवत असलेल्या प्रेयसीचा निरोप गव्हेरा यांना घ्यायचा होता. सोबत तिच्यासाठी नेलेले कुत्र्याचे पिल्लूही होते. दोन दिवसांचा मुक्काम आठवडाभर लांबला. निघताना तिने अमेरिकेतून पोहण्याचा पोशाख आणण्यासाठी गव्हेरा यांना १५ डॉलर दिले. पुढे उपासमारीची पाळी आली तरी या पैशांना हात लावू नये, यावरून दोन मित्रांमध्ये वारंवार वाद झडत असत.

बाहिया ब्लांका शहर मागे पडल्यावर वाळूचे रस्ते सुरू झाले. मागील बाजूस लादलेल्या ओझ्यामुळे चालकाचे लक्ष जरा विचलित झाले, तरी पुढचे चाक उचलले जाई आणि दोघेही जमिनीवर येत. तापाने फणफणलेल्या गव्हेरा यांना चोएले चोएल येथील रुग्णालयात काही दिवस काढावे लागले. पुढे टायर फुटणे हा नित्यक्रम झाला आणि निसटलेल्या स्क्रूंची जागा तारेच्या वेटोळ्यांनी घेतली. मुक्काम कधी शेतावरील गोठ्यात, कधी पोलीस चौकीत, तर कधी एखाद्या यजमानाच्या स्वयंपाकघरात पडे. अशाच एका मुक्कामी प्यूमा या हिंस्र प्राण्याच्या भीतीने रात्री अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांवर गव्हेरा यांनी पिस्तूल झाडले. सकाळी पाहतात तो यजमानांचा लाडका कुत्रा मरून पडलेला होता. आश्रय देणाऱ्याचेच नुकसान करून त्यांना तेथून निघावे लागले.

अँडीज पर्वताच्या पायथ्याची सात सरोवरांची वाट पार करून ते फेब्रुवारीत बारिलोचे येथे पोहोचले. तेथे प्रेयसीचे पत्र त्यांची वाट पाहत होते. तिने संबंध तोडले होते. पुढे सरोवरांतून नावेने चिलीची सीमा ओलांडताना नावेत शिरणारे पाणी उपसून त्यांनी प्रवासखर्चाची भरपाई केली. तेमुको येथील वृत्तपत्राने या दोघांचा उल्लेख कुष्ठरोगतज्ज्ञ असा केला आणि त्या कात्रणाने त्यांना अनेक घरांची दारे उघडून दिली. कीर्ती वाढत होती, गाडी मात्र ढासळत होती. लाउतारोजवळ सांगाड्याचा भाग आणि गिअरबॉक्सचे आवरण तुटले. डागडुजी होऊन गाडी निघाली, तेव्हा उतारावर ब्रेक निकामी झाल्याने ते गुरांच्या कळपात शिरता शिरता वाचले. अखेर लोस आंखेलेस या चिलीतील गावाच्या अलीकडे एका चढावर इंजिनाने कायमची माघार घेतली. मालमोटारीवर चढवून पोदेरोसा सँटियागोला नेण्यात आली आणि तेथेच तिला निरोप देण्यात आला. प्रवासास अद्याप दोन महिनेही झाले नव्हते.

नकाशावर आखलेला बेत येथे संपला. परत फिरण्यास सबळ कारण होते, तरीही दोघे पुढे निघाले. मोटारसायकलवर असताना ते प्रवासी होते. लोक गाडीकडे कुतूहलाने पाहत आणि त्या कुतूहलातून आदरातिथ्य मिळे. गाडी गेल्यावर ते पाठीवर बोचके घेतलेले दोन निष्कांचन झाले आणि रस्त्यावरील इतर निष्कांचनांच्या रांगेत आपोआप जाऊन उभे राहिले.

वाल्परायसो येथे दमा आणि हृदयविकाराने खंगलेल्या एका वृद्ध मोलकरणीला गव्हेरा तपासण्यास गेले. तिला औषधापेक्षा विश्रांतीची आणि सकस अन्नाची गरज होती, आणि ते देणे कोणत्याही डॉक्टरच्या हाती नव्हते. तेथून चोरून जहाजात बसून त्यांनी आंतोफागास्ता गाठले. चुकिकामाता या तांब्याच्या विशाल खाणीकडे जाताना एका रात्री त्यांना कामाच्या शोधात निघालेले एक खाणकामगार जोडपे भेटले. साम्यवादी पक्षाशी संबंध असल्यामुळे पती तुरुंगवास भोगून आला होता. वाळवंटातील त्या कडाक्याच्या थंडीत या जोडप्याकडे पांघरूणही नव्हते. दोघा मित्रांनी आपल्यापैकी एक घोंगडी त्यांना दिली आणि स्वतः एकाच घोंगडीत रात्र काढली. गाडी सुस्थितीत असती, तर ही भेट बहुधा झालीच नसती.

त्यानंतर पेरू देशातील डोंगरी वाटांवर मूळ रहिवाशांनी भरलेल्या मालमोटारींतून त्यांनी प्रवास केला. एप्रिलमध्ये माचू पिच्चूचे अवशेष पाहिले. लिमा येथे कुष्ठरोगतज्ज्ञ आणि मार्क्सवादी विचारवंत डॉक्टर उगो पेसे यांनी त्यांना आधार दिला आणि अ‍ॅमेझॉन नदीकाठच्या सान पाब्लो कुष्ठवसाहतीत पाठविले. तेथे सुमारे सहाशे रुग्ण होते. रुग्णांशी हातमोजे न घालता हस्तांदोलन करणे, त्यांच्याबरोबर जेवणे आणि फुटबॉल खेळणे हा या पाहुण्यांचा दिनक्रम झाला. १४ जून रोजी गव्हेरा यांच्या चोविसाव्या वाढदिवशी झालेल्या समारंभात त्यांनी लॅटिन अमेरिकेचे देशोदेशी झालेले विभाजन कृत्रिम असल्याचा विचार मांडला. रुग्णांनी आणि कर्मचाऱ्यांनी बांधून दिलेल्या मांबो-टँगो नावाच्या तराफ्यावरून ते नदीतून पुढे निघाले. झोपेत तराफा ठरलेले गाव ओलांडून पुढे वाहत गेला. कोलंबियातील लेतिसिया येथे फुटबॉल संघाला मार्गदर्शन करून त्यांनी विमानभाड्याची व्यवस्था केली. जुलैमध्ये व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे ग्रानादो यांनी नोकरी पत्करली. घोड्यांची वाहतूक करणाऱ्या विमानातून गव्हेरा मायामीला गेले, विमान नादुरुस्त झाल्याने तेथे सुमारे महिनाभर अडकले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी घरी परतले.

१९५३ मध्ये वैद्यकीय पदवी मिळताच ते पुन्हा बाहेर पडले. ग्वातेमालातील लोकनियुक्त सरकार १९५४ मध्ये उलथवले गेल्याचे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्याच देशात क्यूबन मित्रांनी त्यांना चे हे टोपणनाव दिले. १९५५ मध्ये मेक्सिकोत फिडेल कास्ट्रो यांची भेट झाली आणि पुढील वर्षी ८२ जणांच्या तुकडीचे डॉक्टर म्हणून ते ग्रान्मा नौकेतून क्यूबाला निघाले. किनाऱ्यावर उतरल्यानंतर तीनच दिवसांनी झालेल्या हल्ल्यात औषधांची थैली आणि काडतुसांची पेटी यांपैकी एकच वस्तू नेणे त्यांना शक्य होते. त्यांनी काडतुसे उचलली. प्रवासात काय न्यावे आणि काय मागे ठेवावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते निर्णायक उत्तर होते.

१९५९ च्या क्रांतीनंतर गव्हेरा राष्ट्रीय बँकेचे प्रमुख आणि पुढे उद्योगमंत्री झाले. हवानातील ला काबान्या किल्ल्याचे प्रमुख असताना तेथील क्रांतिकारी न्यायासनांच्या निकालानुसार झालेल्या देहदंडांबद्दल त्यांच्यावर आजही कठोर टीका होते. वंचितांविषयीची कणव आणि विरोधकांविषयीचा निष्ठुरपणा या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात शेजारी शेजारी आढळतात. त्याच वर्षी जूनअखेरीस ते क्यूबाच्या शिष्टमंडळासह दिल्लीत आले आणि १ जुलै रोजी त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली. मायदेशी परतल्यावर त्यांनी भारताविषयी लेखही लिहिला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये वेषांतर करून गव्हेरा बोलिव्हियात दाखल झाले. संपूर्ण खंडात क्रांती पसरविण्याची ही मोहीम १९५२ च्या प्रवासाप्रमाणेच नकाशावर भव्य दिसत होती. तिच्या तयारीतील उणिवाही ओळखीच्या होत्या. सैनिक केचुआ भाषा शिकत होते आणि ज्या भागात तळ पडला, तेथील मूळ रहिवासी ग्वारानी बोलणारे होते. ऑगस्ट १९६७ मध्ये गुहांत लपविलेला साठा लष्कराच्या हाती लागला आणि त्यात दम्याची औषधेही गेली. धाप लागलेल्या गव्हेरा यांना कित्येकदा खेचरावर बसून वाट कापावी लागली. १९५२ मध्ये अनोळखी गावांनी दोन फाटक्या प्रवाशांना घरात घेतले होते. पंधरा वर्षांनी शस्त्र घेऊन आलेल्या त्याच प्रवाशाच्या तुकडीत तेथील एकही शेतकरी सामील झाला नाही. ८ ऑक्टोबर रोजी ते जखमी अवस्थेत पकडले गेले आणि दुसऱ्या दिवशी ला इगेरा येथील शाळेत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी त्यांचे वय ३९ वर्षांचे होते. त्यांचे अवशेष १९९७ मध्ये सापडले आणि क्यूबातील सांता क्लारा येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मोटारसायकल प्रवासाच्या टिपणांवरून गव्हेरा यांनी परतल्यावर तयार केलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने प्रकाशित झाले. २००४ मध्ये वॉल्टर सालेस यांनी त्यावर चित्रपट काढला. क्यूबात स्थायिक झालेले ग्रानादो या चित्रपटाच्या निर्मितीचे साक्षीदार होते. त्यांचे २०११ मध्ये हवाना येथे निधन झाले.

आजही अनेक तरुण या मार्गाने मोटारसायकलवरून जातात. त्यांच्याकडे उत्तम नकाशे, दणकट गाड्या आणि सुटे भाग असतात, आणि दुर्गम वाटेवर ती सज्जता आवश्यकच आहे. गव्हेरा यांच्या अपुऱ्या तयारीचे अनुकरण करावे, असे तिच्यात काही नाही. त्या तयारीची किंमत तरुणपणी त्यांनी एका मोटारसायकलच्या रूपाने चुकविली आणि बोलिव्हियात प्राणांच्या रूपाने. परंतु बेत फसल्यावर त्या उघड्या रस्त्यावर त्यांना जी माणसे भेटली, त्यांची नोंद कोणत्याही नकाशात नव्हती, आणि त्यांच्यामुळेच एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या आयुष्याची दिशा बदलली.