अल्लामा शिबलींचं अपुरं पुस्तक

उर्दू वाचणाऱ्या घरांत अल्लामा शिबली नोमानी हे नाव आजही आदरानं घेतलं जातं. आझमगढकडचे शिबली १८८३ मध्ये सर सय्यद यांच्या अलीगढच्या कॉलेजात शिकवू लागले. तिथं तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक थॉमस अर्नोल्ड त्यांचे स्नेही झाले. अर्नोल्ड त्यांच्याकडून अरबी शिकले, ते अर्नोल्डकडून फ्रेंच. (सहकाऱ्यापुढं विद्यार्थी होऊन बसणं आजही किती प्राध्यापकांना जमतं?) १८९२ मध्ये दोघं एकाच जहाजानं निघाले. भर समुद्रात इंजिन बंद पडलं. शिबली घाबरून धावत गेले, तर अर्नोल्ड शांतपणे वाचत बसलेले! आपली ही घाबरगुंडी शिबलींनी प्रवासवर्णनात जराही लपवली नाही.

तुर्की सुलतानानं त्यांना मजीदी पदक दिलं, इंग्रज सरकारनं ‘शम्सुल-उलमा’ किताब. पुढं हैदराबाद, मग लखनौचं नदवा. १९०७ मध्ये घरात चुकून बंदूक उडाली आणि एक पाऊल कापावं लागलं. त्यानंतर त्यांनी पैगंबरांचं सविस्तर चरित्र हाती घेतलं. भोपाळच्या बेगमांनी खर्चाचा भार उचलला. ते पूर्ण होणार का, ही मात्र चिंता होती.

१९१४ मध्ये प्रकृती ढासळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे शिष्य सय्यद सुलेमान नदवी यांना बोलावणं गेलं. १८ नोव्हेंबरला शिबली गेले. सुलेमान यांनी पुण्याची नोकरी सोडली, आझमगढला मुक्काम हलवला आणि गुरूंचं लेखन छापून पुढचे खंड स्वतः लिहायला घेतले.