पंडिता रमाबाई : दुष्काळातून उभी राहिलेली 'मुक्ती'

स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये पंडिता रमाबाई म्हणजे एका मार्काचा प्रश्न. शारदा सदन कोणी स्थापन केले? उत्तर पाठ, मार्क खिशात, विषय संपला. मीही त्यांना तेवढंच ओळखत होतो. पण लायब्ररीत त्यांचं चरित्र हाती लागलं आणि दुष्काळाची प्रकरणं वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांनी आश्रम केला, पुढे तोही सुटला. मग गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत हे कुटुंब फिरू लागलं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या.

आणि मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. घरातलं होतं नव्हतं ते संपलं. हजारो श्लोक मुखोद्गत, पण पोट भरण्याचं एकही काम हाताला ठाऊक नाही! मजुरी करायची तर जात आडवी येते, भीक मागायची तर लाज आडवी येते. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण अशी तिघं गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मला वाटतं, तिची खरी पदवी त्याआधीच भुकेच्या शाळेत झाली होती.

पुढचं आयुष्य म्हणजे एकामागून एक धक्के. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेत विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ते पुढे पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून मोठं वादळ उठलं, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळीही बाजूला झाली.

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला. मध्य प्रांतात गावंच्या गावं उपाशी. सरकारची खडी फोडायची कामं होती, अनाथालयं होती. पण अनाथ पोरींना तिथेही धोका होता. त्यांना फूस लावून नेणारे दलाल टपलेले असत. आपलं पूर्वीचं सगळं रमाबाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या.

आता ठेवायचं कुठे? १८९७ ला पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं आणायला बंदी. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या टाकून बिऱ्हाड हललं. विहिरी खणल्या, इमारती उभ्या राहिल्या. हेच 'मुक्ती सदन'.

१९०० मध्ये गुजरातेत छपनियाचा दुष्काळ होता (विक्रम संवत १९५६, म्हणून छपनिया). या वेळी गुजरातेत मुली आणायला मुक्तीच्याच बायका गेल्या. त्यात पहिल्या दुष्काळातून वाचलेल्याही होत्या. केडगावची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. आपल्या मेसमध्ये पाचशे पोरांची आमटी पातळ झाली तर केवढा दंगा होतो! इथे दीड हजार तोंडं, त्यातली कित्येक आजारी, भाषा मराठी-हिंदी-गुजराती, आणि चालवणारी एक विधवा बाई.

पण मला सर्वात भावलं ते वेगळंच. त्यांनी नुसतं अन्न वाटलं नाही. विणकाम, शेती, गोठा, तेलाचा घाणा, छापखाना अशी खाती काढली आणि मुलींना लिहिण्या-वाचण्याबरोबर हाताला काम दिलं. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. ज्या अडाणीपणाने आपले आईबाप गिळले, तो या पोरींच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, असाच हा हिशेब मला दिसतो.

धर्मांतराचं काय? हा प्रश्न आमच्या रूमवर रात्री एकपर्यंत चालला. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, पैसा परदेशातून येई, आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीपुढे निवड कितीशी मोकळी असते, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्या माळावर, त्या पोरींसाठी, तेव्हा आणखी कितीजण गेले होते? आक्षेप घ्यायचा हक्क जरूर आहे, पण तो घेताना आपलेही हात रिकामे नसावेत.

शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

आपण इंजिनिअर होणार. भूकंप, पूर, दुष्काळ आला की आपणही वर्गणी काढतो, जुने कपडे गोळा करतो. ते करायचंच. पण ट्रक रिकामा झाल्यावर त्या माणसाच्या हातात काय उरणार, हे विचारल्याशिवाय परत फिरायचं नाही. केडगावच्या बाईने एकशेपंचवीस वर्षांपूर्वी ते विचारलं होतं.